मेद, वा!

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच. पण माझ्या लेकीची डॉक्टर चेन्नईची, तिचं ऑफिस शोळिंगनल्लूरला, जावई ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात, आणि घर वेलचेरीत चौथ्या मजल्यावर. "आई, मला कराडला येणं जमणार नाही गं," असं ती फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली. मी म्हटलं, तू कशाला येतेस, माहेरच येतं तुझ्याकडे. आमच्या ह्यांना दुकान सोडवेना, ते मागे राहिले, आणि मी एकटीच मेतकूट, डिंक, अळीव आणि जुन्या लुगड्यांच्या मऊ दुपट्यांचं गाठोडं घेऊन निघाले. तिला पाचवा लागला होता. "इतक्या लवकर जाऊन काय करणार तिकडे?" असं सगळ्यांनी विचारलं. काय करणार म्हणजे? आजी होणार होते मी! मला कराडात दम कुठला निघतोय!

आणि मला एकच गोष्ट करायची होती. नातवंडाला स्वतःच्या पायांवर न्हाऊ घालायचं होतं.

न्हाणीत पाट मांडायचा, त्यावर बसून दोन्ही पाय समोर सरळ लांब करायचे, आणि नडग्यांवर बाळ पालथं घालायचं. एका हाताने तेल जिरवायचं, दुसऱ्या हाताने तांब्यातलं कोमट पाणी सोडायचं. माझी लेक झाली तेव्हा माझ्या आईने हे सव्वा महिना केलं. मी खाटेवर शेक घेत पडलेली, दारातून नुसती बघायची. हात असे शिवशिवायचे की काय सांगू! पण बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही. "तुझी पाळी येईल तेव्हा घाल पोटभर," असं आई म्हणायची. सव्वा महिन्यानंतर मी कचेरीत रुजू झाले, आणि लेकीची आंघोळ कायम दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने झाली. माझी पाळी आता येत होती, एकतीस वर्षांनी.

अडचण एवढीच होती की मला जमिनीवर बसता येत नव्हतं.

हसू नका. तीस वर्षं सरकारी कचेरीच्या खुर्चीत काढली मी. घरी आले की डायनिंग टेबल, देवळात गेले की मागची बाकं, लग्नात गेले की प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मांडी घालणं माझं नक्की कधी सुटलं ते मलाच कळलं नाही. त्यात वजन. मी पहिल्यापासूनच अंगाने भरलेली. सासरी पहिल्याच दिवशी माझ्या नणंदेने "वहिनी चांगली गरगरीत आहे हं" असं म्हटलं होतं, आणि ते मी अजून विसरलेले नाही. ती विसरली असेल.

चेन्नईत येऊन आठ दिवस झाले आणि मी म्हटलं, रंगीत तालीम तरी करून बघावी. लेकीच्या न्हाणीत पाट ठेवला, नळ धरून खाली बसले, पाय लांब केले. झालं! पाय सरळ झाले तशी पाठ मागे गेली, पाठ गेली तशी मी गेले, आणि बादली गडगडत दारापर्यंत. लागलं काही नाही. पण उठता येईना. लेक धावत आली आणि पोट सांभाळत मला उचलायला वाकू लागली. मी ओरडले, "खबरदार! हात लावलास तर बघ!" ती बिचारी दाराशी उभी राहून आधी रडली, मग मला तसं पडलेलं बघून हसली, मग पुन्हा रडली. अर्ध्या तासाने जावई कंपनीच्या बसने घरी आले. त्यांनी बूटसुद्धा न काढता माझ्या काखेत हात घातले आणि मला उभं केलं. जावयाने सासूला न्हाणीतून उपसून काढली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र शांतपणे म्हणाले, "आई, चहा टाकू का?"

दोन दिवसांनी घरी खोका आला. त्यात निळा टब होता, बाळाला टेकायला आत उतार केलेला.

"आई, रागावू नकोस," लेक म्हणाली. "पण तू ओल्या फरशीवर तशीच कलंडलीस आणि तेव्हा तुझ्या पायांवर बाळ असलं तर?"

रात्रभर तळमळले आणि सकाळी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मुदत दे. ती माझीच मुलगी, कागद पक्का केल्याशिवाय सोडते की काय! म्हणाली, "आठवा महिना संपेपर्यंत. पाटावर अर्धा तास ताठ बसून दाखवायचं, आणि कुणाचा हात न धरता उठायचं. जमलं तर बाळ तुझं. नाही जमलं तर टब, आणि मग तोंड फुगवायचं नाही."

खोका न फोडता माळ्यावर गेला.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सकाळी योगाचा वर्ग भरायचा. मी एकदा डोकावून आले. सगळी पंचविशीतली पोरं, अंगाला चिकटलेले कपडे, आणि एक मुलगी तर डोक्यावर उभी. आल्या पावली खाली उतरले. एवढ्या लोकांत माझी शोभा करून घ्यायची मला हौस नव्हती. मग जावयांनीच शोध लावला. दुसऱ्या मजल्यावर एक पंच्याहत्तरीच्या बाई होत्या, त्या एकेकीला स्वतंत्र शिकवतात. "आणि आई, गंमत म्हणजे त्या मराठी आहेत. म्हणजे... आहेत आणि नाहीतही. तुम्हीच बघा."

मी बेल वाजवली. दार उघडलं. काडीसारख्या बाई, पाठ अशी सरळ की मी नकळत माझी ताठ केली. कानात कुड्या, दारात तांदळाच्या पिठाचं कोलम. मी इंग्रजी शब्द जुळवत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, "यावें. आंत बसून घ्या. तुमचें गांव कोणतें?"

अगं बाई! मला वाटलं जुन्या बखरीतून कुणी बोलतंय. चेन्नईत येऊन पंधरा दिवस झाले होते. भाजीवाल्याशी बोटांनी, शेअर ऑटोवाल्याशी मानेने बोलून माझा जीव कासावीस झाला होता. आणि समोर मराठी! चाल तमिळ, मधेमधे तमिळ शब्द पेरलेले, पण मराठी! त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेलं. महाराष्ट्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. नवरा असताना शाळेत शिकवायच्या, योगाही तेव्हापासूनचा. मी त्यांना अक्का म्हणायला लागले, त्या मला बाई म्हणायला लागल्या. मी आल्याआल्या माझी सगळी कहाणी सांगून टाकली, बादलीसकट. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "लेंकीला कितवा?"

"पाचवा सरत आलाय."

"वेळ आहे," असं म्हणून त्यांनी कपाटातून चार घोंगड्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझा पहिला धडा. काय घालायचं हा मोठाच प्रश्न होता. साडीत जमणार नव्हतं, आणि माझ्या मापाची विजार घरात एकच होती, लेकीची, गरोदरपणाची, पोटावर रुंद इलॅस्टिकवाली. तीच घातली. मायलेकी दोघी एकाच मापात! लेकीने फोटो काढायला फोन उचलला, मी लाटणं उचललं.

अक्कांनी मला भिंतीला टेकवून घोंगड्यांच्या उंच घडीवर बसवलं आणि पाय समोर लांब करायला लावले. पावलांच्या तळव्यांना जुन्या सुती साडीची पट्टी अडकवून तिची दोन टोकं माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हें दंडासन. तुम्हांला हेंच एक पाहिजे. बाकी सगळें ह्याच्यासाठीं." मी म्हटलं, इतकंच? नुसतं बसायचं? मिनिटभरात मांड्या थरथरायला लागल्या, गुडघ्यामागच्या शिरा तुटतायत असं वाटलं, आणि कपाळावरून घाम. नुसतं बसायला इतके कष्ट पडतात हे मला साठीला टेकल्यावर कळलं. तो धडा संपला आणि अक्कांनी मला डबऱ्यातून, म्हणजे तिकडच्या पितळी वाटी-पेल्यातून, कॉफी दिली. ती पिताना मी आतून नुसती उसळत होते. बसले होते! भिंतीच्या आधाराने का होईना, बसले होते!

घरी आले ती जिना चढून. लिफ्टची वाट बघवेना.

मग काय विचारता! रोज सातला मी खाली हजर. कधी पावणेसातलाच. अक्कांची आंघोळ व्हायची असायची आणि मी दारात. पहिल्या आठवड्यात घोंगड्या चार होत्या, दुसऱ्यात तीन झाल्या. बोटं आधी गुडघ्यापर्यंत पोचायची, मग नडगीच्या मध्यापर्यंत, आणि एका सकाळी माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट चक्क घोट्याला लागलं. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचं दार उघडलं. कराडला फोन लावून ह्यांना सांगितलं, "अहो, घोटा!" ते म्हणाले, "मुरगळला का?" त्यांना काय कळणार!

दुपारी लेक खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची आणि मी हॉलमध्ये भिंतीला टेकून पाय लांब करून शेंगा निवडायची. जावई आले की मी विचारायची, "बघा, पाठ सरळ आहे का?" ते दिवसभर कारखान्यात मापं घेऊन आलेले, तरी बिचारे डोळा बारीक करून बघायचे. "आई, डावीकडे जरा कललीय." मी सरळ व्हायची. माळ्यावरच्या खोक्याकडे रोज एकदा बघायची आणि मनात म्हणायची, राहा तिथेच.

पण माझा स्वभाव मुळात घाईचा. चहा उकळायच्या आत गाळणारी मी. आठवा लागला आणि माझी घाई वाढली. अक्का आता उठणं शिकवत होत्या. कुशीवर वळायचं, एक हात टेकायचा, गुडघ्यावर यायचं, मग एक पाऊल. मी मधल्या दोन पायऱ्या गाळून एकदम उसळी मारायची आणि धपकन बसायची. पुढे वाकतानाही तसंच, धाडकन. आणि त्या दिवसांत अक्कांच्या तोंडी एक नवीनच शब्द यायला लागला. मी वाकले की त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "मेदुवा."

मला ऐकू आलं: "मेद, वा!"

पहिल्यांदा वाटलं, भास झाला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी वाकले, पोट मांड्यांवर आलं, आणि वरून आवाज आला, "मेद, वा!" तेही किती गोड आवाजात! आता आमच्याकडे मेद म्हणजे काय हे मी सांगायला नको. चरबी हो, चरबी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नणंद आठवली, गरगरीत आठवलं. पण शिकवणाऱ्या बाई, वयाने मोठ्या, म्हणून गिळलं. तिसऱ्या दिवशी एका तासात त्या सात वेळा म्हणाल्या. हो, मोजलं मी. आणि सातव्या वेळी तर दोनदा: "मेदुवा, मेदुवा!"

"पुरे!" मी ओरडले. "माझा मेद मला दिसतोय, अक्का! तीस वर्षं बघतेय मी आरशात! तुम्ही काडीसारख्या आहात म्हणून वाटेल ते बोलायचं होय?"

आणि तरातरा निघाले. म्हणजे निघायचं होतं. पण मी जमिनीवर होते ना! रागाने उठून चालतं व्हायला आधी उठता आलं पाहिजे. कुशीवर वळले, हात टेकला, गुडघ्यावर आले, तोल गेला, पुन्हा बसले. अक्का घाबरून पुढे आल्या आणि माझ्या दंडाला धरून काय म्हणाव्यात? "मेदुवा!"

मी हात झटकला. खुर्ची धरून उभी राहिले, विजार वर ओढली आणि दाराबाहेर पडले. अक्का कोलमाशी उभ्या होत्या, तोंड एवढंसं झालेलं. मला वाटलं, बरं झालं.

तीन दिवस मी गेले नाही. लेकीला सांगितलं, गुडघा दुखतोय. घरी एकटीच करून बघत होते, पण अक्कांचा हात पाठीवर नसला की माझी पाठ पुन्हा पहिल्यासारखी मागे पडायची. तिसऱ्या दिवशी लेकीने जावयांना सांगून खोका माळ्यावरून खाली उतरवून घेतला. तो पुसून पलंगाशेजारी ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. रागही येत होता आणि भीतीही वाटत होती. तीन आठवडे उरले होते.

चौथा दिवस रविवार. जावई सकाळी कोपऱ्यावरून गरमगरम नाश्ता घेऊन आले आणि माझ्या ताटलीत दोन मेदूवडे ठेवले. मी ताटली ढकलली.

"मला नकोत. आहे तेवढा मेद पुरे झाला."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मग माझा बांध फुटला. म्हटलं, त्या तुमच्या अक्का! शिकवायचं सोडून रोज माझ्या पाठीवर हात ठेवून मला चिडवतात. मेद, वा! मेद, वा! एका मराठी बाईने दुसऱ्या मराठी बाईला असं म्हणावं?

जावयांच्या हातातला वडा सांबारात पडला. "काय म्हणतात?"

"मेद, वा!"

"मेदुवा?"

"तेच ते!"

आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग अख्खे जावई हलायला लागले. आमचे जावई मोठ्याने हसणाऱ्यांतले नव्हेत. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "आई, मेदुवा म्हणजे हळू. सावकाश. तमिळ शब्द आहे तो. आमच्याकडे वरून इंजिन खाली सोडतात ना गाडीत, तेव्हा दिवसभर हेच ओरडतात सगळे. मेदुवा, मेदुवा! म्हणजे जपून, धक्का लागू देऊ नका."

"आणि मग हा?" मी ताटलीकडे बोट दाखवलं.

"मेदू म्हणजे मऊ. मऊ वडा."

मी कपाळावर हात मारला. साठ वर्षं मला वाटत होतं की मेद वाढवतो म्हणून मेदूवडा! लेक पोट धरून हसत होती. मी ओरडले, "हसू नकोस, आठवा आहे तुला!" आणि मग मीच हसत सुटले. पण हसता हसता मला अक्का दिसल्या, कोलमाशी उभ्या, तोंड एवढंसं झालेल्या. तशीच उठले.

कांद्याची दोन थालीपीठं थापली, लोण्याचा गोळा घेतला आणि विजार घालूनच दुसऱ्या मजल्यावर गेले. अक्कांनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "माझा हात जड पडला का, बाई? पाठीला दुखलें?"

तीन दिवस त्या हेच समजून चालल्या होत्या! मला इतकी लाज वाटली की मी थालीपीठं तिथेच ठेवून खाली वाकून नमस्कार केला, आणि मग सगळं सांगितलं. मेद म्हणजे काय, वा म्हणजे काय. अक्का ऐकत राहिल्या. हसतील असं वाटलं होतं, पण त्या भलत्याच विचारात पडल्या.

"मेदुवा मराठी न्हवे?"

"नाही अक्का. तमिळ आहे म्हणे."

"माझी आई म्हणायची. तिची आई म्हणायची. आम्ही घरांत मराठींतच बोलायचों. मला वाटलें, मराठीच." त्यांनी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणतां?"

"हळू."

"हळू बोला म्हणतों आम्ही. हळू बसा म्हणत नाहीं." त्यांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून बघितला. मग थालीपीठाचा तुकडा मोडला. "तुम्ही तरी न्हाऊं घालाल," त्या म्हणाल्या. "माझीं दोन्ही नातवंडें परदेशांत झालीं. टबांत आंघोळ. फोनावर दाखविली. मी इकडून हात पुढें करायची."

मी त्यांचा हात धरून बसले. मग त्यांनीच तो सोडवून घेतला आणि घोंगड्या काढल्या.

उरलेले तीन आठवडे मी अशी झपाटल्यासारखी शिकले! पण आता मेदुवा. अक्का म्हणायच्या "हळू", मी म्हणायची "मेदुवा", आणि मधली एकही पायरी गाळायची नाही. घोंगडी एक राहिली, मग एकही नाही, नुसता पाट. भिंत सुटली. पट्टी सुटली. शेवटच्या आठवड्यात अक्कांनी उशीच्या अभ्र्यात तीन किलो तांदूळ भरून त्याला गाठ मारली आणि माझ्या नडग्यांवर ठेवली. "हें तुमचें नातवंड." मी त्या तांदळाला तेल चोळलं, पाणी घातल्यासारखं केलं, कुशीवर वळवलं, पुसलं, पावडरसुद्धा लावली.

मुदतीच्या दिवशी तेच तांदूळ घेऊन मी लेकीच्या न्हाणीत बसले. ती दारात खुर्ची टाकून, हातात फोन, फोनवर अर्धा तास लावलेला. जावई तिच्या मागे. अक्का पलंगावर, खोक्याशेजारी. वीस मिनिटांनी पाठ बोलायला लागली, पंचविसाव्या मिनिटाला पायांना मुंग्या. घंटा वाजली. मी तांदळाचं गाठोडं लेकीच्या हातात दिलं, कुशीवर वळले, हात टेकला, गुडघा, पाऊल, आणि उभी राहिले. कुणाचाही हात न धरता! मी न्हाणीतच नाचायला लागले तर लेक किंचाळली, "आई, फरशी ओली आहे!" आणि गळ्यात पडली. खोका जावयांनी स्वतःहून उचलला. या वेळी माळ्यावर नाही, कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडे गेला.

मुलगी झाली. तांदळापेक्षा थोडी कमीच.

नाळ गळून पडली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी विजार घालून पाटावर बसले, पाय लांब केले आणि लेकीने बाळ माझ्या नडग्यांवर ठेवलं. तांदूळ रडत नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! काय तो टाहो! माझे हात घाईला आले, तांब्या कधी उचलू आणि कधी सोडू असं झालं. मग मीच स्वतःला म्हटलं, मेदुवा, बाई, मेदुवा. हात सावकाश झाले. पाणी पाठीवरून उतरलं आणि एकाएकी ती गप्प झाली. गाल माझ्या पायावर टेकला आणि डोळे मिटले. मला रडू फुटलं. आईची आठवण आली, माझे ते शिवशिवणारे हात आठवले. पोटभर रडले आणि पोटभर न्हाऊ घातलं.

अक्का दारात स्टुलावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "पाय मेदू आहेत तुमचे. म्हणून झोंपली. माझ्या हाडांवर नसती झोंपली."

आता मेदूचा अर्थ मला कळत होता. आयुष्यात माझ्या मेदाला कुणी चांगलं म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पण त्यांचे हात मला दिसले. दोन्ही हात गुडघ्यांवरून थोडे पुढे आलेले होते.

दुसऱ्या दिवशी सातला मी त्यांना बोलावून आणलं आणि पाट दाखवला. "बसा." त्या नाही नाही म्हणाल्या, हाडं टोचतील म्हणाल्या. मी कराडहून आणलेलं मऊ दुपटं चौपदरी करून त्यांच्या पायांवर घातलं आणि वर माझी नात ठेवली. दंडासन तर काय, नजर लागावी असं! पण हात? रोज माझ्या पाठीवर ठाम पडणारे ते हात थरथरत होते, आणि तांब्यातलं पाणी भलतीकडेच सांडत होतं. मी शेजारी फतकल मारून बसले, त्यांच्या मनगटाखाली हात धरला आणि म्हटलं, "मेदुवा, अक्का, मेदुवा."

अक्कांनी बाळावरची नजर काढली नाही.

"हळू म्हणा, बाई," त्या म्हणाल्या. "लेंकराला मराठी यायला पाहिजे ना."